चार फुटांची फुंकर

छत्तीसगढात दिवाळीनंतरचे दिवस राऊतांचे. गाईगुरे राखणारा हा समाज गोवर्धनपूजेला गुरांच्या गळ्यात सोहई ही माळ बांधतो आणि मोहरी-गुदुम या वाद्यांच्या तालावर दोहे म्हणत, नाचत दारोदार फिरतो. रायपूर वाढत गेले तशा स्टेशनपलीकडच्या गुढियारीसारख्या वस्त्या शहरात मिसळल्या आणि घाऊक बाजाराने गजबजल्या. तिथल्या रहिवाशांना राऊतनाचा सांगावा लागत नाही. पण याच समाजाचे दुसरे एक वाद्य नाचाच्या गलक्यात ऐकू येत नाही. त्यासाठी रात्रीची बैठक हवी, कथा हवी आणि ऐकणाऱ्यांना सवड हवी. ते वाद्य म्हणजे बांस.

तीन ते चार फूट लांबीची जाड बांबूची नळी, तिला चार भोके आणि अंगावर रंगीत लोकरीचे गोंडे. हातात धरली की वाद्यापेक्षा गुराख्याची काठीच वाटावी. तिच्या साथीने होते ते बांसगीत. गायक कथा लावतो, साथीला बसलेला रागी त्याला हुंकार देतो आणि वादक फुंकतो. ‘शीत-बसंत’, ‘भैंस सोन-सागर’, चंदा ग्वालिनीची कथा अशी लांबलचक आख्याने त्यातून पिढ्यानपिढ्या चालत आली. आधी बांस वाजतो. तो थांबतो तिथून गायक कथा उचलतो. गाणे थांबले की पुन्हा बांस.

ही आळीपाळी मला फार महत्त्वाची वाटते. तिचे मूळ वाद्याच्या आकारातच असावे.

लांबीचे गणित

20 अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीचा मूळ स्वर काढायचा, तर या वेगाला नळीच्या लांबीच्या दुपटीने भागायचे. 120 सेंटिमीटरच्या नळीसाठी उत्तर येते सुमारे 143 हर्ट्झ. पुरुषाच्या बोलण्याचा आवाज याच टापूत असतो. म्हणजे एवढी लांब नळी कथेकऱ्याच्या गळ्याशेजारी येऊन बसते.

पण खर्जाची किंमत बोटांना मोजावी लागते. याच नळीवर षड्जावरून ऋषभावर जायचे तर हिशेबाने भोक तळापासून सुमारे 13 सेंटिमीटर वर पाडावे लागते आणि पुढचे त्याहून थोड्या कमी अंतराने. एका हाताची शेजारशेजारची बोटे इतकी फाकत नाहीत. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी शास्त्रीय संगीतासाठी बासरी सुमारे 32 इंचांपर्यंत नेली, ती सगळी भोके बोटांच्या आवाक्यात राखून. त्यापलीकडे गेलात की भोके कमी करा आणि उरलेले काम श्वासावर सोपवा.

जगभरच्या गुराखी-मेंढपाळांना हा मार्ग सापडलेला दिसतो. स्लोव्हाकियातील मेंढपाळांची फुजारा माणसाच्या उंचीची असते आणि तिला भोके फक्त तीन. फुंकरीचा जोर वाढवला की नळी मूळ स्वर सोडून वरच्या स्वरांवर उडी घेते आणि तीन भोकांतून अख्खी सुरावट निघते. युनेस्कोने 2005 मध्ये तिला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले. आपल्या पालघर जिल्ह्यातला तारपा वेगळ्या वाटेने मोठा होतो. दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेण आणि आवाज पसरवायला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लडक्या धिंडा यांनी हे वाद्य घडवण्यात आणि वाजवण्यात आयुष्य घातले. बस्तरमध्ये सुलूर ही बांबूची बासरी तर ओठांना न लावता हवेत फिरवून वाजवतात. तिचे कारागीर, गढबेंगालचे पंडीराम मंडावी यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

घडवायचे कसे

असे वाद्य घरी करून पाहता येते आणि ते करून पाहावेच. बांबू जून, सरळ आणि चिरा नसलेला घ्यावा. सावलीत सावकाश वाळवावा. उन्हात घाई केली की तो तडकतो. मग खरे काम सुरू होते. प्रत्येक गाठीत आतून एक पडदा असतो. लोखंडी सळई निखाऱ्यात लाल करून तो जाळत जायचे. सळई टेकताच चर्रर्र आवाज होतो, दुसऱ्या टोकातून धूर येतो आणि जळक्या बांबूचा गोडसर वास पसरतो. पडदा फुटला तरी काठाशी त्याची कड उरते. ती घासून साफ केली नाही तर हवा तिथे अडखळते आणि स्वर घोगरा होतो. भोके आधी बारीक पाडावीत आणि वाजवून पाहत रुंद करावीत. भोक मोठे केले की स्वर चढतो. चढलेला स्वर मेण लावूनच उतरवावा लागतो. सरावाला हार्डवेअरच्या दुकानातली पीव्हीसी नळीही चालते. मात्र तिला तापलेली सळई लावू नये, कारण धूर विषारी असतो. तिथे ड्रिलच वापरावे.

अशी नळी फुंकली की बांसगीताची घडण ध्यानात येते. लांब नळी बोलायला वेळ घेते, श्वास भराभर संपवते आणि गायकाच्या पाठोपाठ धावत नाही. म्हणून ती त्याच्या दोन ओळींमधली जागा घेते. वादकाला दम घ्यायला मिळतो, श्रोत्याला कथा मुरवायला मिळते. वाद्याची मर्यादा इथे आख्यानाची लय झाली आहे.

म्हणूनच बांस केवळ संग्रहालयात ठेवून तो जपला, असे म्हणता येणार नाही. रायपुरात 1875 पासून संग्रहालय आहे, खैरागढला 1956 पासून संगीताचे विद्यापीठ आहे. त्यांचे काम मोलाचे आहे. पण बांबू निवडणारा डोळा आणि गाठ जाळणारा हात काचेच्या कपाटात राहत नाहीत. गुढियारीतल्या शाळांनी दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या राऊत वादकाला मानधन देऊन बोलवावे, मुलांच्या हाती बांबू द्यावा आणि वाजवण्याआधी घडवायला शिकवावे. सळई मोठ्यांनी धरावी, बाकी सारे मुलांनी करावे. स्वतः घडवलेले वाद्य मूल अडगळीत टाकत नाही. ते वाजवायला कथा शोधते, आणि त्या कथा सांगणारी माणसे आजही छत्तीसगढात आहेत.