सरायीच्या पायरीवर मरण : जुन्या आरपीजी गेममध्ये पहिलं पाऊल



‘बाल्डर्स गेट ३’ २०२३ साली आला, तेव्हापासून एकच तक्रार मी वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. तिसरा भाग आवडला म्हणून उत्साहाने पहिला भाग घेतला, आणि दीड तासात बंद केला. ‘तलवार लागतच नाही’, ‘काय चाललंय कळत नाही’, ‘एका फटक्यात मेलो’. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही मी म्हणेन की माणसाने गेम सोडला तो चुकीच्या कारणासाठी. त्याला वाटलं, गेम जुनाट आहे म्हणून जड जातो. खरं कारण वेगळं आहे. या गेमचा निम्मा भाग पडद्यावर नसायचाच, तो खोक्यात असायचा.

पहिला ‘बाल्डर्स गेट’ १९९८ साली आला. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर कंपनीचा गेम, आणि या कंपनीचे संस्थापक पेशाने डॉक्टर. खोक्यात पाच सीडी आणि सोबत जाडजूड पुस्तिका. ती पुस्तिका आधी वाचायची, मग गेम लावायचा, अशी त्या काळची रीतच होती. त्याच्याही आधी, १९८१ साली आलेल्या ‘विझार्डरी’त तर भुयारांचा नकाशा आपणच चौकटीच्या कागदावर पेन्सिलने काढायचा. गेम काढून देत नसे. आज आपण गेम डाउनलोड करतो, पुस्तिकेची पीडीएफ कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडून राहते, आणि मग तलवार लागत नाही.

तलवार का लागत नाही, ते आधी बघू. इथेच सगळ्यात जास्त माणसं गळतात.

या सगळ्या गेमचं मूळ १९७४ सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-पेन्सिल-फाशांच्या खेळात आहे. त्यात एक जण पंच असतो, तो गोष्ट सांगतो, बाकीचे आपापली पात्रं चालवतात आणि वार लागला की नाही ते फासे ठरवतात. कॉम्प्युटरने इथे फक्त पंचाची जागा घेतली. फासे आहेत तसेच आहेत. तुम्ही शत्रूवर क्लिक केलंत म्हणजे वार केला नाहीत, वीस बाजूंचा फासा टाकलात.

पात्राच्या पानावर ‘थॅको’ नावाचा एक आकडा दिसेल. नवख्या योद्ध्याचा तो वीस असतो. शत्रूच्या अंगावरच्या चिलखताचाही एक आकडा असतो. चिलखतच नसेल तर दहा, साधारण बरं असेल तर पाच, भारी असेल तर तीन किंवा त्याहून कमी. थॅकोमधून चिलखताचा आकडा वजा करा. जे उरेल तेवढं किंवा त्याहून जास्त फाशावर पडलं तर वार लागला. वीस वजा पाच म्हणजे पंधरा. पंधरा ते वीस हे सहाच आकडे तुमच्या कामाचे. म्हणजे वीसपैकी चौदा वेळा तलवार हवेत फिरणार. यात बिघाड काही नाही, साधं गणित आहे.

गोंधळ होतो तो इथे दोन्ही आकडे जितके कमी तितके चांगले असल्यामुळे. तिसऱ्या भागात चिलखताचा आकडा वाढला की आपण खूश होतो, इथे उलट. मी सांगताना क्रिकेटकडे वळतो: बॅट्समनची सरासरी वाढलेली बरी, बॉलरची कमी झालेली बरी. थॅको आणि चिलखत, दोन्ही बॉलरची सरासरी समजा. एवढं डोक्यात बसलं की दुकानातली प्रत्येक ढाल बोलू लागते.

जादूगाराचं प्रकरण याहून अवघड, कारण तिसऱ्या भागातली सवय आड येते. इथला जादूगार मंत्र सकाळी डब्यात भरून नेतो. डब्यात पोळी-भाजी भरली असेल तर दुपारी आमटी-भात मिळत नाही. तसंच रात्रीची झोप घेताना जो मंत्र पाठ केला तोच दुसऱ्या दिवशी वापरता येतो, आणि एकदा वापरला की संपला, पुन्हा झोपेपर्यंत नाही. पहिल्या लेव्हलला असा मंत्र जेमतेम एक. जीव किती? चार पॉइंट, तब्येत दणकट असेल तर एखाद-दोन जास्त. साध्या लांब तलवारीचा एक वार आठपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. म्हणून नवख्याने स्वतःचं मुख्य पात्र जादूगार घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुख्य पात्र मेलं की गेम तिथेच संपतो. योद्धा घ्या आणि त्याला धनुष्य द्या. या गेममध्ये लांबून मारणारा माणूस पहिले कित्येक तास सगळ्यांना पुरून उरतो.

(पात्र बनवताना फासे पुन्हा टाकण्याचं एक बटण आहे. लोक चांगल्या आकड्यांसाठी तासभर ते दाबत बसतात. पाच-दहा वेळा दाबा आणि पुढे चला.)

आता प्रत्यक्ष खेळ. सुरुवात होते कॅंडलकीपमध्ये. हे तटबंदी असलेलं ग्रंथालय आहे. तिथून घाईने बाहेर पडू नका. तिथली बारीकसारीक कामं करा, शिकवणाऱ्यांचं ऐकून घ्या. बाहेर पडलात की थोड्याच वेळात सांभाळणारा गोरायन मारला जातो आणि तुम्हाला ‘फ्रेंडली आर्म’ नावाच्या सरायीत जायचं असतं. नाव ‘फ्रेंडली’, पण तिच्या पायऱ्यांवर टारनेश नावाचा एक जादूगार उभा असतो. गोड बोलून तुमची ओळख पटवतो आणि हल्ला करतो. आधी स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो, मग भीतीचा मंत्र टाकतो. तुमची माणसं सैरावैरा पळतात, आणि तो एकेकाला टिपतो. आजवर या पायऱ्यांवर किती नवखे मेले असतील याची गणती नाही.

पण हाच प्रसंग गेम कसा खेळायचा ते शिकवतो. सरायीच्या आवारात शिरण्याआधी ‘क्यू’ दाबून सेव्ह करा. त्याचं बोलणं संपताच स्पेसबार दाबा, सगळं जागच्या जागी थांबेल. आता निवांत विचार करा. मंत्र म्हणायला वेळ लागतो, आणि म्हणत असताना त्याला जखम झाली तर मंत्र फुकट जातो. म्हणून सगळ्यांनी एकदम, लांबून, त्याच्यावरच नेम धरायचा. दाटीने उभं राहायचं नाही. पुन्हा स्पेसबार, दोन सेकंद बघा, पुन्हा थांबवा. ज्यांना हे थांबवणं लक्षात राहत नाही त्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन शत्रू दिसताच आणि कुणाला जखम होताच गेम आपोआप थांबेल असं करून ठेवावं.

आणि मेलात, तर पुन्हा लोड करा. त्यात कमीपणा नाही.

आता भाषेचं. याबद्दल गेमवाले फारसं बोलत नाहीत, पण आपल्याकडे कित्येकांचं अडतं ते इथेच. हे गेम वाचायचे असतात, आणि इंग्रजीत. थोडीच वाक्यं आवाजात आहेत, बाकी सगळा मजकूर. त्यातही पात्रं जुन्या वळणाचं इंग्रजी बोलतात, ‘यू’च्या जागी ‘दाऊ’. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. मला नेमकं उलटं वाटतं. संवाद चालू असताना खेळातलं जग थांबलेलं असतं. तुम्ही शब्द शोधायला दहा मिनिटं घेतलीत तरी कुणी वार करत नाही. नव्या गेममध्ये पात्रं धावता धावता बोलतात आणि वाक्य निसटून जातं. इथे ते पडद्यावर तुमची वाट बघत उभं असतं. शेजारी वही ठेवा आणि मराठीत लिहा: कोण भेटला, कुठे, त्याला काय हवंय. गेमची स्वतःची डायरी आहेच, पण स्वतः लिहिलेलं जास्त लक्षात राहतं. घरात भाऊ-बहीण असेल तर एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने माउस धरायचा. तशी मजा एकट्याने येत नाही.

खर्चाचं पटकन सांगतो. २०१२ साली आलेली ‘एन्हान्स्ड एडिशन’ घ्या, साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर चालते, महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. फोनवरही आहे, पण अक्षरं बारीक दिसतात. तिच्यात ‘स्टोरी मोड’ आहे, त्यात तुमची माणसं मरत नाहीत. खूपच अडलात तर वापरा, पहिल्या दिवशी नको.

वेळेच्या घाईतली लढाई मुळातच आवडत नसेल तर १९९७ चा ‘फॉलआउट’ बघा, त्यात आळीपाळीने चाल असते. फक्त तळघरासाठी पाण्याची चिप आणायला दीडशे दिवस दिलेले असतात, तेव्हा उगाच भटकू नका. आणि लढाई हेच मुख्य उद्दिष्ट नको असेल, तर रिचर्ड गॅरिअटचा १९८५ चा ‘अल्टिमा ४’. त्याच्या नावातच ‘अवतार’ हा आपला शब्द आहे. त्यात शेवटी मारायला कुणी महाखलनायक नाही, सचोटी, करुणा, नम्रता असे आठ गुण अंगी आणायचे आहेत. एक आंधळी दुकानदार तुम्हाला पैसे स्वतःच मोजून ठेवायला सांगते. कमी ठेवलेत तरी ती काही म्हणत नाही, पण गेम मनात नोंद ठेवतो. जीओजीवर तो फुकट मिळतो. दिसायला मात्र चौकोनी ठिपक्यांचा आहे, म्हणून मी तो दुसऱ्या नंबरला ठेवतो.

तर टारनेश मेला, सरायीत खालिद आणि जाहिरा भेटले, की दक्षिणेला नॅशकेलच्या खाणींकडे जायचं असतं. वाटेत बेरेगॉस्ट गाव लागेल, तिथे लोहाराकडे थांबा आणि प्रत्येकाला एकेक जादा शस्त्र घेऊन द्या. कारण ऐन लढाईत लोखंडी तलवार हातात मोडते. गेम बिघडला असं समजून बंद करू नका. लोखंडाला काय झालंय, ते त्या खाणीच्या तळाशी कळतं.