संडासाची टाकी सांभाळा
दुधाचे दही जंतू करतात, तसाच संडासाच्या टाकीतला मैलाही जंतूच कुजवतात. ॲसिड, फिनेल भरमसाट ओतले की ते मरतात, टाकी लवकर भरते, दुर्गंधी सुटते. म्हणून भांडे ब्रशने व थोड्या साबणाच्या पाण्याने घासावे. चिंध्या, उरलेले तेल आत टाकू नये. मोरीचे पाणी परसातल्या केळी-अळूकडे वळवावे. दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडी बोलवावी.

टाकीत माणूस मात्र कधीही उतरवू नका. आतल्या विषारी वायूने एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. संरक्षक साधनांशिवाय कुणाला उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडीचे भाडे जिवापेक्षा महाग नाही.