नक्षल संघटनेची ताकद कशी मोजतात?

सशस्त्र संघटनेची ताकद केवळ तिने घडवलेल्या हल्ल्यांवरून ठरत नाही. गडचिरोलीच्या जंगलात हे स्पष्ट दिसले. 2009 मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे मिळून जवळपास पन्नास पोलीस शहीद झाले. तेव्हा भाकप (माओवादी) ही नक्षल संघटना अजिंक्य भासत होती. 1 मे 2019 रोजी जांभुळखेड्याच्या भूसुरुंग स्फोटात 15 पोलिसांचा बळी गेला. पण त्याआधीच, एप्रिल 2018 मध्ये, बोरिया-कसनासूर व आसपासच्या चकमकींत 40 नक्षलवादी मारले गेले होते. कमकुवत झालेली संघटनाही एखादा मोठा घाव घालू शकते.

म्हणून अभ्यासक इतर गोष्टी तपासतात: दलमची (सशस्त्र तुकड्यांची) संख्या, शस्त्रे, तेंदूपत्ता व बांबूच्या ठेकेदारांकडून मिळणारी खंडणी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवी भरती. स्थानिक तरुण येईनासे झाले, की मेलेल्यांची जागा भरून निघत नाही. गावांचे वागणेही बोलके असते. नक्षलवाद्यांनी पुकारलेल्या नक्षल सप्ताहात बाजार बंद राहतो की उघडतो, गावकरी त्यांना भाकर देतात की त्यांच्या गावबंदीचा ठराव करतात, हे पाहावे लागते.

नेतृत्व हा शेवटचा निकष. नोव्हेंबर 2021 मध्ये मर्दिनटोला येथे संघटनेचा नेता मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये संघटनेच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. संघटना खिळखिळी झाली आहे. मात्र रस्ता, शाळा, दवाखाना आणि वनहक्क गावोगाव पोहोचले, तरच सुरक्षा दलांचे हे यश टिकेल.