यूएसबी मोडेम व लिनक्स

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील पुष्कळ घरांतून एखादा जुना संगणक व जुना यूएसबी मोडेम पडून असतो. मुलाचा अर्ज घरूनच भरता आला, तर गावाहून तालुक्याची एक खेप व त्या दिवसाची मजुरी वाचते. जुन्या संगणकावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बरी चालते. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली काढलेली ‘बॉस’ प्रणालीही लिनक्सचीच होय. परंतु मोडेम लावूनही इंटरनेट मिळत नाही, आणि ‘यंत्र बिघडले’ म्हणून तो भंगारात जातो. वास्तविक तो बहुधा शाबूत असतो.

याचे कारण असे. विंडोजवाल्यांच्या सोयीसाठी कारखानदाराने आपला प्रोग्राम मोडेमच्याच पोटात भरलेला असतो. त्यामुळे जोडताक्षणी मोडेम सीडीचे सोंग घेऊन पुढे येतो. विंडोजवर तो प्रोग्राम चालला की सोंग उतरते. लिनक्सवर तो चालत नाही, म्हणून मोडेम सीडीच होऊन बसतो.

यावर ‘यूएसबी-मोडस्विच’ हा छोटा प्रोग्राम उपाय आहे. तो संगणकात नसल्यास दुसरीकडून पेनड्राइव्हवर आणावा. तो मोडेमला बहुधा ‘सीडी बाहेर काढ’ अशी आज्ञा देतो. मोडेम क्षणभर नाहीसा होतो व खऱ्या रूपात परततो.

हे घडले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक उपकरणापुढे दोन भागांचा क्रमांक दिसतो. पहिला भाग कारखानदाराचा, दुसरा उपकरणाचा. मोडेमचा दुसरा भाग पूर्वीहून निराळा दिसला, की सोंग उतरले असे समजावे.

पुढे नेटवर्क मॅनेजरमध्ये ‘मोबाइल ब्रॉडबँड’ निवडून सिमच्या कंपनीचा एपीएन भरावा. बीएसएनएलचा ‘बीएसएनएलनेट’ असा आहे, तो इंग्रजी लहान अक्षरांत लिहावा. क्रमांक विचारल्यास *९९# द्यावा. सिमला पिन असेल तर तोही लागेल.

एवढे करूनही जोडणी न झाल्यास सिम तपासावे. जिओची सेवा २०१६ साली सुरू झाली तीच ४जीवर. ३जी मोडेमात ते सिम चालावयाचे नाही.

तेव्हा सभासद बंधुभगिनींनी जुना मोडेम भंगारवाल्यास देण्यापूर्वी एवढी परीक्षा अवश्य करावी. चालू निघाला आणि आपणांस नको असला, तर शेजारच्या एखाद्या विद्यार्थ्यास तो द्यावा.