पडद्यावरचा वाघ आणि कागदावरचा वाघ

भंडारा जिल्ह्यातील साकोली हे मुंबई-कोलकाता महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. नागझिरा अभयारण्याच्या पिटेझरी प्रवेशद्वाराकडे जाणारे अनेक पर्यटक येथूनच जंगलाची वाट धरतात. नवेगाव-नागझिरा परिसराला २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. डिजिटल कॅमेरे त्याआधीच घरोघरी पोहोचले होते. जंगलातून परतल्यावर छायाचित्रे संगणकावर उतरवावीत आणि त्यांतील निवडक घरच्याच प्रिंटरवर छापावीत, हा छंद मोठ्या शहरांइतकाच साकोलीसारख्या गावातही शक्य झाला आहे. दर छायाचित्रासाठी सुमारे शंभर किलोमीटरवरचे नागपूर गाठण्यापेक्षा ते सोयीचेही आहे.

निराशा होते ती पहिला कागद प्रिंटरमधून बाहेर पडतो तेव्हा. पडद्यावर झळाळणारा केशरी वाघ कागदावर विटकरी होतो, बांबूची हिरवाई काळवंडते आणि सावलीतले बारकावे बुजतात. मॉनिटर यंत्राने कॅलिब्रेट केलेला, म्हणजे ठरलेल्या मापाशी जुळवलेला असला, तरीही हे घडते. मग संशय प्रिंटरवर येतो, शाई बदलली जाते, महागडा कागद आणला जातो. काही जण तर मॉनिटरचेच रंग छापील कागदासारखे दिसेपर्यंत फिरवतात आणि हाती असलेले एकमेव खात्रीचे माप घालवून बसतात. वास्तविक छायाचित्र गडद येण्याचे कारण बहुधा प्रिंटरमध्ये नसून पडद्याच्या आणि खोलीच्या उजेडात असते.

उजेडाचे गणित

मॉनिटर स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश मिसळून तो सर्व रंग घडवतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडातील काही भाग शाई गिळते आणि उरलेला डोळ्यांपर्यंत येतो. सायन शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा, तर पिवळी शाई निळा. म्हणजे पडद्यावर प्रकाशाची बेरीज होते आणि कागदावर वजाबाकी. ज्या उजेडातून ही वजाबाकी व्हायची तो मुळात कमी असेल, तर उत्तम छपाईही काळवंडलेलीच दिसणार.

पडद्याची तेजस्विता कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. दुकानातून आणलेला मॉनिटर बहुधा २५० किंवा त्याहून अधिक तेजस्वितेवर लावलेला असतो, कारण झगझगीत दुकानात तोच उठून दिसतो. याउलट ५०० लक्स उजेडात, म्हणजे चांगल्या प्रकाशाच्या कार्यालयीन टेबलावर, पांढऱ्या कागदाची तेजस्विता सुमारे १४० भरते. घरातील सायंकाळच्या दिव्याखाली १५० लक्सच मिळाले, तर ती ४० च्या आसपास उतरते. अशा वेळी पडदा कागदाच्या सहापट उजळ असतो. त्या पडद्यावर पाहून कोणी छायाचित्र ‘थोडे उजळ आहे’ म्हणून गडद केले, की कागदावर अंधारच उतरणार.

म्हणूनच कॅलिब्रेशन करताना सर्वप्रथम तेजस्विता खाली आणावी लागते. घरगुती छपाईसाठी ८० ते १२० कँडेला ही मर्यादा सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते. त्यासोबत गॅमा २.२ आणि पांढऱ्या रंगाचे तापमान ६५०० केल्विन ठेवण्याची रूढी आहे. पडद्यावर टेकवायचे कलरीमीटर हे उपकरण ही मापे घेते आणि त्यावरून मॉनिटरचे प्रोफाइल तयार करते. डोळ्यांच्या अंदाजाने केलेली जुळवाजुळव या कामी पुरेशी ठरत नाही, कारण डोळा समोरच्या कोणत्याही पांढऱ्याला काही मिनिटांत ‘पांढरा’ मानू लागतो.

दोन भाषा आणि एक दुभाषी

प्रोफाइल म्हणजे त्या त्या उपकरणाची रंगांची वही. अमुक आकडा दिला की हा मॉनिटर नेमका कोणता रंग दाखवतो, किंवा हा प्रिंटर या कागदावर कोणता रंग उमटवतो, याची नोंद तीत असते. ही नोंद सर्वांना एकाच पद्धतीने वाचता यावी म्हणून १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली. आयसीसी प्रोफाइल हे नाव तिच्यावरूनच आले. मॉनिटरचे प्रोफाइल मॉनिटरपुरतेच असते. प्रिंटर, त्यातील शाई आणि कागद या तिघांच्या जोडणीला मात्र स्वतंत्र प्रोफाइल लागते. चकचकीत कागदाचे प्रोफाइल निवडून मॅट कागदावर छापले, तर मॉनिटर कितीही अचूक असला तरी रंग चुकतात. कागद बनवणाऱ्या अनेक कंपन्या आपल्या संकेतस्थळावर अशी प्रोफाइल विनामूल्य देतात.

रंग बदलून देण्याचे हे काम साखळीत एकानेच करायचे असते. फोटोशॉपच्या छपाईच्या चौकटीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ आणि ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ असे दोन पर्याय दिसतात. पहिला निवडला तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील रंगदुरुस्ती बंद करणे आवश्यक असते. ती चालू राहिली तर रंगांचे भाषांतर दोनदा होते आणि छायाचित्रावर अनेकदा गुलाबी-जांभळी झाक चढते. घरगुती छपाईत पुन्हा पुन्हा होणारी ही चूक आहे, आणि ती सुधारायला एक पैसाही लागत नाही. चेहरे आपोआप उजळ करणारी ‘ऑटो’ सुविधाही याच कारणासाठी बंद ठेवावी. घरातील दिवंगत आजोबांचे जुने छायाचित्र तसबिरीसाठी छापताना त्यांचा सावळा वर्ण यंत्राच्या मर्जीने बदलावा, हे कोणत्याच कुटुंबाला रुचणार नाही.

कागदाची मर्यादा

सर्व काही बिनचूक केले तरी पडदा आणि कागद तंतोतंत सारखे होत नाहीत. सामान्य मॉनिटरवर सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या बिंदूतील गुणोत्तर हजारास एक असते. उत्तम चकचकीत कागदावर ते सुमारे दोनशेस एक भरते आणि मॅट कागदावर पन्नासाच्याही खाली येऊ शकते. रंगांचेही तसेच आहे. पडद्यावरचा गर्द निळा आणि झगझगीत हिरवा शाईला गाठता येत नाही. उलट काही सायन आणि पिवळ्या छटा शाई उमटवते, पण १९९६ मध्ये पुढे आलेल्या एसआरजीबी या प्रमाणित रंगक्षेत्रात त्या बसत नाहीत.

जे रंग कागदावर मावत नाहीत त्यांचे काय करायचे, हे छापणाऱ्याला ठरवावे लागते. ‘पर्सेप्च्युअल’ हा पर्याय सर्वच रंग थोडेथोडे आक्रसून त्यांचे परस्परांशी नाते टिकवतो. ‘रिलेटिव्ह कलरीमेट्रिक’ मावणारे रंग जसेच्या तसे ठेवून न मावणारे सीमेवर आणून बसवतो. फुललेल्या पळसाचा भडक केशरी रंग छापताना पहिला पर्याय पाकळ्यांतील छटा सांभाळतो. माणसांच्या चेहऱ्यांसाठी बहुधा दुसरा बरा पडतो. ‘सॉफ्ट प्रूफ’ ही सोय वापरली की कागदावरचा परिणाम पडद्यावरच आधी पाहता येतो. त्या वेळी चित्र एकदम फिके वाटते, पण कागदाची ताकद खरोखर तेवढीच असते. बदल करायचे ते हे फिके चित्र समोर ठेवूनच.

रंग उजेडात पाहावा

भंडारा जिल्हा कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. साडी घेणारी गृहिणी दुकानातल्या दिव्यावर विसंबत नाही. ती पदर हातात घेऊन दाराशी येते आणि दिवसाच्या उजेडात रंग पाहते. छायाचित्रालाही हाच न्याय लागू आहे. दोन रंग एका दिव्याखाली सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात. म्हणूनच छपाई तपासण्यासाठी ५००० केल्विनचा उजेड प्रमाण मानला जातो. एवढी व्यवस्था घरी नसेल, तर खिडकीतून येणारा पण थेट ऊन नसलेला दुपारचा उजेड चालतो. पिवळ्या दिव्याखाली छायाचित्र तांबूस दिसते, तर गुलाबी किंवा निळ्या रंगाच्या भिंती आपली छटा कागदावर पाडतात. छायाचित्र बैठकीतल्या मंद दिव्याखाली लावायचे असेल, तर ते तेथेच धरून पाहावे आणि गरज पडल्यास थोडे उजळ छापावे.

विदर्भाचे हवामानही आपला वाटा उचलते. पावसाळ्यातल्या दमट हवेत शाई वाळण्यास वेळ लागतो. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्ण्यात न वापरलेल्या प्रिंटरच्या शाईची सूक्ष्म छिद्रे बुजतात, एखादा रंग अर्धवट उमटतो आणि दोष प्रोफाइलला दिला जातो. ताज्या छपाईचे रंग वाळेपर्यंत थोडे बदलतात, त्यामुळे निकाल दुसऱ्या दिवशी द्यावा. छायाचित्र भिंतीवर वर्षानुवर्षे टिकायचे असेल, तर डाय शाईपेक्षा पिगमेंट शाई उजेडाला अधिक काळ तोंड देते.

शाई आणि कागदाचा अपव्यय टाळण्यासाठी एक साधी शिस्त उपयोगी पडते. शुद्ध करडा पट्टा, एक चेहरा, थोडी हिरवाई आणि गडद सावली असलेले एकच चाचणीचित्र ठरवून ठेवावे. शाई किंवा कागद बदलला की तेच छापून मागच्या प्रतीशी ताडून पाहावे. करड्या पट्ट्यावर लाल वा हिरवी झाक आली तर दोष रंगांच्या साखळीत आहे. पट्टा शुद्ध असून सर्वच चित्र गडद आले, तर आधी खोलीतला दिवा आणि मॉनिटरची तेजस्विता तपासावी. प्रिंटरची पाळी त्यानंतरची.