गुंगी आणि गुण

झोपेच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. रात्री अंथरुणावर पाठ टेकल्यावर येते ती झोप. दुपारच्या जेवणानंतर आरामखुर्चीत लागते ती डुलकी. सभेत बसल्या बसल्या मान लवते ती पेंग. डोळ्यांवर एकाएकी येते ती झापड. अंगात भरून राहते ती सुस्ती. तापाने अथवा अशक्तपणाने येते ती ग्लानी. आणि औषधाने चढते ती गुंगी. मराठी घेऊन एम. ए. करताना हे बारकावे आम्ही हौसेने टिपून ठेवले होते. परंतु त्यांचे खरे मोल आम्हांस उमगले ते ग्रंथांतून नव्हे, तर आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्यामुळे. आणि तेही आमच्या हातून त्याच्यावर अन्याय घडून गेल्यानंतर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीच्या वर्गातील एक मुलगा पहिल्या तासाला हमखास डेस्कवर डोके टेकून झोपलेला दिसे. मुख्याध्यापक या नात्याने वर्गांवरून फेरी मारताना आम्ही त्याला दोनदा उभे केले. तिसऱ्या वेळी साऱ्या वर्गासमोर ‘कुंभकर्ण’ म्हटले. वर्ग हसला. तो मात्र हसला नाही की रागावला नाही; जड डोळ्यांनी नुसता पाहत राहिला. त्यानंतर आठवडाभरात तो मुलगा पार बदलला. पहिल्या तासाला ताठ बसू लागला, प्रश्नांची उत्तरे देऊ लागला. आमच्या कानउघाडणीचा गुण आला असे समजून आम्ही मनोमन सुखावलो. त्याची पाठही थोपटली. मग महिनाभराने तो शाळेत येईनासा झाला.

पुढे एके दिवशी त्याची आई भेटावयास आली. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरहून सचिवालयाबरोबर जी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांपैकीच हे एक घर. बाईंनी प्रथम दार लोटून घेतले आणि पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “सर, तो आळशी नव्हता हो. या गोळ्यांनी त्याला तसं व्हायचं. वर्गात हसले म्हणून त्यानं आम्हांला न सांगता गोळ्या बंद केल्या. आता पुन्हा सगळं उलटलंय. पण कोणाला सांगू नका. थोरलीचं अजून ठरायचंय.”

त्या मुलाचे ते वर्ष गेले. आम्ही त्याला जागे केले नव्हते. त्याच्या आजाराला जागे केले होते. त्यानंतर या विषयावर आम्ही जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवणे हे आम्ही आमचे देणे समजतो.

औषधांचा उगमच गुंगीत

मनाच्या आजारांवरील आधुनिक औषधांचा इतिहास पाहू गेल्यास एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. त्यांतील कित्येकांचा शोध सुस्तीच्याच वाटेने लागला. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी गिनीपिगांना लिथियमचे क्षार टोचले, तेव्हा ते एरवीचे चपळ प्राणी सुस्त पडून राहिले. त्यावरून उन्मादाच्या रुग्णांना लिथियम देऊन पाहण्याचे त्यांना सुचले. फ्रान्समध्ये आंरी लाबोरी हे शल्यवैद्य शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी ॲलर्जीवरील औषधांच्या कुळातील द्रव्ये वापरून पाहत होते. त्यांपैकी क्लोरप्रोमाझिन दिले असता रुग्ण जागा राही, पण भोवतालच्या धांदलीविषयी निर्विकार होई. तेच औषध १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झां दले व प्येर देनिकेर यांनी मनोरुग्णांना दिले, आणि मानसोपचारांत नवे युग सुरू झाले.

आपल्या देशाचा वाटाही यात लहान नाही. सर्पगंधेची मुळी झोप येण्यासाठी व वेड शमविण्यासाठी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या या गुणांविषयी शास्त्रीय लेख लिहिला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५४ च्या सुमारास अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. अधिक चांगली औषधे आल्यावर मानसोपचारांतून ते मागे पडले, तरी त्याचा मान राहिलाच.

मात्र या इतिहासातून एक गैरसमज आजवर चालत आला आहे. रोगी झोपला म्हणजे औषध लागू पडले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. स्किझोफ्रेनियातील भास आणि संशय ज्या क्रियेमुळे ओसरतात, ती मुख्यतः मेंदूतील डोपामिन या द्रव्याशी निगडित आहे. गुंगी येते ती बव्हंशी हिस्टामिन नावाच्या दुसऱ्याच द्रव्याच्या मार्गात अडथळा आल्याने. हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागे ठेवण्याचे काम करते. सर्दीची जुन्या पद्धतीची गोळी घेतल्यावर डोळे मिटू लागतात, त्याचेही कारण हेच. म्हणून क्लोरप्रोमाझिन, क्लोझापिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन यांसारख्या औषधांनी, तसेच अमिट्रिप्टिलिन व मिर्टाझापिन या नैराश्यावरील औषधांनी गुंगी अधिक येते. उलट हॅलोपेरिडॉल, ॲरिपिप्राझोल, फ्लुओक्सेटिन यांनी सामान्यतः कमी येते, आणि तरीही ती आपापल्या आजारांत गुणकारी आहेत. तात्पर्य, गुंगी हा गुण नव्हे. आणि गुंगी नाही म्हणून औषध फुकट, असेही नव्हे.

आधी त्रास, मागून गुण

घोटाळा होतो तो काळाच्या हिशेबात. गुंगी पहिल्या गोळीपासून येते; गुण यावयास मात्र बहुधा काही आठवडे लागतात. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसू लागण्यास सामान्यतः दोन ते चार आठवडे, पुरता दिसण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे पहिला पंधरवडा घराच्या पदरी नुसता तोटाच पडतो, आणि नेमक्या याच वेळी पुष्कळ घरांतून औषध सुटते. वास्तविक बऱ्याच रुग्णांमध्ये शरीर सरावते व पहिली गुंगी काही आठवड्यांत कमी होते.

औषध सोडल्यावर हाच हिशेब उलटा चालतो. गुंगी काही दिवसांतच जाते, डोळे टवटवीत होतात, आणि ‘गोळ्यांनीच बिघडवले होते, पाहा कसा बरा झाला’ असे सारे म्हणू लागतात. आजार परततो तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. तोवर त्याचा संबंध सोडलेल्या गोळीशी जोडण्याचे कोणाला सुचत नाही. आम्ही ज्या ताठ बसण्याचे कौतुक केले, ते या फसव्या मधल्या काळातील होते.

क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्यास तर झटकेही येऊ शकतात. त्या कमी करावयाच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, पायरीपायरीनेच.

भोपाळने शिकविलेला धडा

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची रात्र भोपाळात कोणी विसरू शकत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा शहर झोपेत होते. वाचलेल्या कित्येकांना पुढे रात्रीची धास्ती बसली. छातीच्या व डोळ्यांच्या विकारांबरोबर निद्रानाश, भीती व उदासी यांनी ग्रासलेली माणसे दवाखान्यांत येऊ लागली. १९८५ साली बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. श्रीनिवास मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना असे रुग्ण ओळखण्याचे व त्यांच्यावर उपचार करण्याचे शिक्षण दिले. मनाची तक्रार ही खरी तक्रार असते, रुग्णाचे ढोंग नसते, ही त्यातील मूळ गोष्ट. जे शिक्षण अल्पावधीत दवाखान्यातील डॉक्टरांस देता येते, त्यातील एवढा पाठ घरच्या माणसांस आणि शिक्षकांस घेता न येण्याचे कारण नाही.

घरच्यांनी काय करावे

पहिली गोष्ट भाषेची. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींची एक अडचण असते. डॉक्टर हिंदीत विचारतात, “नींद ज़्यादा आती है?” आणि आपण मान डोलावतो. वर सांगितलेले सात शब्द त्या एका ‘हाँ’मध्ये बुडून जातात. रात्रीची झोप लांबते, की दिवसा पेंग येते? जाग असूनही अंग उचलत नाही, की उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते? या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची कारणेही वेगळी असू शकतात. अंधारी रक्तदाब उतरल्याने येते. अंग न उचलणे हे औषधापेक्षा नैराश्याचे किंवा स्किझोफ्रेनियाचेच लक्षण असू शकते. लिथियम दीर्घकाळ घेणाऱ्या काहींत थायरॉइडची ग्रंथी मंदावून सुस्ती येऊ शकते. औषधाने वजन वाढून रात्री घोरताना श्वास अडू लागला, तर दहा तास झोपूनही माणूस पेंगतो. पंडुरोग व मधुमेह हेही आहेतच. तेव्हा आपल्याच बोलीत नीट वर्णन करून मग त्याचे हिंदी करावे.

दुसरी गोष्ट नोंदीची. शाळेत हजेरीपट असतो तसा घरी एक कागद करावा. गोळी किती वाजता घेतली, झोप कधी लागली, जाग कधी आली, दिवसा पेंग कोणत्या वेळी आली, हे दोन आठवडे लिहावे. असा कागद पाहून डॉक्टर पुष्कळ काही करू शकतात. दिवसाची मात्रा रात्रीकडे सरकविणे, रात्रीची गोळी थोडी अलीकडे घेण्यास सांगणे, मात्रा हळूहळू वाढविणे किंवा घटविणे, गरज संपलेली एखादी गोळी काढणे, औषधच बदलणे, हे सारे उपाय त्यांच्यापाशी असतात. ते त्यांनीच करावयाचे. आपण पट्टीतील गोळ्या कमीजास्त करू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेणे हा रुग्णाचा अधिकार आहे. म्हणून विचारण्यात संकोच नसावा.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. गुंगी असेतो स्कूटर वा मोटार चालवू नये. मद्य तर वर्ज्यच समजावे. वडीलधारी माणसे रात्री लघवीसाठी उठताना पडतात, म्हणून वाटेत दिवा ठेवावा. लिथियम घेणाऱ्यांनी भोपाळच्या वैशाख-ज्येष्ठात पाणी व मीठ तोडू नये. निर्जळी उपास करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, कारण शरीरातील पाणी घटले की लिथियम रक्तात साठते. गुंगीबरोबर हात थरथरणे, उलट्या, जुलाब, बोबडे बोलणे, तोल जाणे असे काही दिसल्यास किंवा हलवूनही माणूस जागा होत नसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सल्ला हवा असल्यास केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र मिळते आणि मराठीतही बोलता येते.

शेवटची गोष्ट शब्दांची, आणि ती आम्हांसच अधिक लागू आहे. ‘आळशी’, ‘झोपाळू’, ‘ऐतखाऊ’ हे शब्द अशा घरांत सहज उच्चारले जातात. आपण ते विनोदाने बोलतो. ऐकणारा त्यावरून गोळी सोडतो. याच्या उलट, दिवसभर झोपलेल्या माणसाकडे पाहून ‘शांत आहे ना, मग झाले’ असे समाधान मानणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. दोन्ही चुकाच. माणूस नुसता निजून राहावा म्हणून औषध द्यावयाचे नसते; तो जागेपणी सुखाने वावरावा म्हणून द्यावयाचे असते.

तो मुलगा पुढील वर्षी पुन्हा अकरावीत येऊन बसला. डॉक्टरांनी औषध बदलले होते, मात्रा रात्रीची केली होती. तरी सकाळी थोडी झापड येई. पहिल्या तासाला त्याने वाटेल तेव्हा उठून तोंड धुवून यावे, कोणी काही विचारू नये, एवढी व्यवस्था आम्ही शिक्षकांस सांगून केली. याहून अधिक आम्ही काही केले नाही. आणि एवढे आधीच्या वर्षीही करता आले असते. तो बारावी झाला, पदवीधर झाला, आज नोकरी करतो. थोरल्या बहिणीचे लग्नही झाले; होण्यापूर्वी त्या घरी सारे सांगण्यात आले होते, आणि काही बिघडले नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्याची अनुमती घेतली. तो म्हणाला, “जरूर लिहा सर. कुंभकर्णाचंही लिहा.” तेव्हा तो हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही.