नातवंड परीक्षेला बसलं नाही, तर कारण लिहून घ्या

आपल्यापैकी जे 1950 आणि 60 च्या दशकांत लहानपणी भारतातून इस्राएलला आले, त्यांना आठवीची 'सेकर' परीक्षा आठवत असेल. त्या काळी पुढचं शिक्षण फुकट नव्हतं. सेकर पास झालं तर हायस्कूलच्या फीत सवलत मिळायची. घरी मराठी बोलणाऱ्या, हिब्रू नुकतीच शिकू लागलेल्या मुलाला ती जड जाणारच. पण नापास म्हणजे नापास. का झाला, हे निकालाच्या कागदावर दिसत नसे.

आता काळ बदलला. तरी एक गोष्ट तशीच आहे: परीक्षेत मुलाच्या नावापुढे काय लिहिलं जातं, याला फार महत्त्व आहे.

मूल परीक्षेला बसलं नाही, याचे अर्थ निरनिराळे असू शकतात. ते आजारी असेल. देशात नवीन आलेलं, म्हणजे ओले हदाश असेल. त्याला खास शिक्षणाची गरज असेल. युद्धात घर सोडून दुसऱ्या गावी राहत असेल. किंवा पेपर अर्धाच सोडवून उठलं असेल. या सगळ्यांपुढे नुसतं 'गैरहजर' लिहिलं, तर कोणाला मदत हवी आहे ते कळणार कसं?

दुसरं कारण हिशोबाचं. समजा वर्गात 30 मुलं आहेत. 25 जणांनी परीक्षा दिली, त्यांची सरासरी 70 आली. उरलेली 5 मुलं कच्ची. ती बसली असती तर त्यांना प्रत्येकी 40 मिळाले असते. मग वर्गाची सरासरी 65 झाली असती. म्हणजे पाच मुलं घरी राहिली आणि शाळा पाच गुणांनी हुशार दिसली! एखाद्या शाळेला हा मोह होऊ शकतो. म्हणून किती मुलं बसली नाहीत आणि का, हे निकालाइतकंच पाहावं लागतं.

इस्राएलमध्ये 2002 साली पाचवी आणि आठवीसाठी 'मेत्झाव' परीक्षा सुरू झाली. ती मुलाला पास-नापास करण्यासाठी नव्हती, शाळा कशी चालली आहे ते पाहण्यासाठी होती. अशा परीक्षेत तर कोण बसलं नाही याची नोंद फारच गरजेची.

दुसरीकडेही असेच नियम आहेत. 15 वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही परीक्षा अनेक देशांत होते, इस्राएलमध्येही. त्यात शारीरिक किंवा बौद्धिक अडचण, किंवा परीक्षेची भाषा शिकायला लागून वर्षही झालेलं नसणं, अशा ठरावीक कारणांनीच मुलाला वगळता येतं, आणि अशी मुलं एकूण 5 टक्क्यांच्या वर जाऊ नयेत अशी अपेक्षा असते. अमेरिकेत 2002 साली लागू झालेल्या शिक्षण कायद्याने निदान 95 टक्के मुलांनी परीक्षेला बसलंच पाहिजे असं ठरवलं. गरीब, अपंग, भाषा न येणारी, अशा प्रत्येक गटातलीही 95 टक्के. कोणालाही गुपचूप बाजूला ठेवता येऊ नये, हा हेतू.

आता बगरूतचं. ही मात्र मुलाच्या स्वतःच्या भविष्याची परीक्षा. आईबाप कामावर असतात, त्यामुळे सकाळी ताप आलेल्या नातवाजवळ पुष्कळदा आजी-आजोबाच असतात. तेव्हा एवढं करा:

- त्याच सकाळी शाळेला फोन करून कळवा.
- त्याच दिवशी कुपत खोलिमच्या डॉक्टरकडून तारखेसह कागद घ्या. चार दिवसांनी आणलेल्या कागदाला वजन राहत नाही.
- कागदाची एक प्रत घरी ठेवा.
- 'गैरहजर', 'सूट' आणि 'पेपर रद्द' यांपैकी काय लिहिलं आहे, ते मुलाच्या आईबापांना विचारून घ्यायला सांगा. कॉपीच्या संशयाने रद्द झालेला पेपर आणि आजारपण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.
- पुढचा मोएद कधी, आणि त्यासाठी पुन्हा नाव नोंदवावं लागतं का, तेही विचारा.

शाळेत विचारायला लाजू नका. आपल्या वेळी आईबापांना भाषा येत नव्हती, म्हणून कोणी विचारलं नाही. आज आपल्याला हिब्रू येते.